"लेथ" मरुदाचलमचं पान

रविवारी सकाळी दहाला मंगल कार्यालयाचं दार उघडलं, तेव्हा सेंगाट्टुपाळयमचं निम्मं गाव चपला काढून आधीच उभं होतं. पंपाच्या कारखान्यातले कामगार होते, सूतगिरणीतल्या बायका होत्या, कोइमतूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणारी, गळ्यातलं ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही न काढणारी मंडळी होती. एरवी जिथे नवरा-नवरी बसतात त्या लाल मखमली खुर्चीत बीजाक्षर स्वामी बसले होते. डाव्या हाताला उदबत्ती, उजव्या हाताला लॅपटॉप, आणि पाठीमागे भिंतभर पडदा.

स्वामींनी डोळे मिटूनच सुरुवात केली. ऋषींनी पूर्वी प्रत्येक माणसाचं भविष्य ताडाच्या पानावर लिहून ठेवलं, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण ताडाच्या पानाला वाळवी लागते. म्हणून कलियुगात ऋषींनी शून्य आणि एक ही दोनच अक्षरं निवडली. चौदा वर्षांपूर्वी स्वामी वेळ्ळियंगिरीच्या डोंगरावर अठ्ठेचाळीस दिवस ध्यानाला बसले असताना ही तीन कोटी पानं आकाशातून थेट त्यांच्या लॅपटॉपमध्ये उतरली. अठ्ठेचाळीस दिवस डोंगरावर लॅपटॉप चार्ज कुठे केला, हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या रांगेत कागदाच्या पुडीतून सुंडल खात बसलेल्या पूंगोडीच्या मनात तो प्रश्न आला होता, पण तोंडात हरभरे होते.

पहिलं टोकन देवानैचं निघालं. देवानै पूंगोडीच्या शेजारी राहायची आणि गिरणीत सूत कातायची. स्वामींनी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. नाव देवानै, आईचं नाव रामाताळ, नक्षत्र उत्तरा, काम सूत कातणं, घरात एक ओझं आहे, ते आडी महिन्यानंतर हलकं होईल. मग स्वामींनी त्या फाइलची तारीख मोठी करून दाखवली. चौदा वर्षांपूर्वीची होती. मंडपातून एक लांब उसासा निघाला.

"चौदा वर्षांपूर्वी ही बाई कुठे होती?" स्वामी म्हणाले. "लग्नही झालं नव्हतं हिचं. गिरणीचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि पानात गिरणी आहे. आता कुणी म्हणेल, स्वामीने लिहिलं असेल. तर हे बघा."

त्यांनी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पडद्यावर चौकोन, त्रिकोण, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच लिपीत नसलेली नक्षी भळाभळा वाहू लागली. "ही देवलिपी. हे माणसाच्या हाताने लिहून दाखवा, मी दाढी उतरवतो." ओळखपत्रवाल्यांपैकी एक जण बायकोला हळूच म्हणाला की बरोबर आहे, ही तयार झालेली एक्झी फाइल आहे, ती अशी हाताने लिहिता येतच नाही. शिकलेल्या माणसाने साक्ष दिल्यावर आजूबाजूच्या चार अशिक्षितांनी हात जोडले. कुठलाही प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडला की अशीच घाण दिसते, हे त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. शिक्षण डोक्यात असलं तरी ते मंडपात शिरताना चपलांबरोबर बाहेर ठेवलं की काय होणार?

ज्याच्या-त्याच्या पानाची एक प्रत तांब्याच्या डबीतल्या पेनड्राइव्हमध्ये घालून मिळायची. पानाची शेवटची ओळ मात्र गुप्त उपदेशाची. ती घरी जाऊन, एकट्याने बघायची आणि कुणाला सांगायची नाही.

पूंगोडी पॉलिटेक्निकमध्ये कम्प्युटर शिकवायची. सोळा वर्षं झाली होती. असल्या ठिकाणी ती एरवी फिरकली नसती, पण शेजारी तिचा मामा बसला होता. तिला लाडाने कण्णू म्हणणाऱ्या मामाच्या मांडीवर बसून तिचे कान टोचले होते, मामानेच तिला पहिली साडी घेतली होती, आणि वडील गेल्यावर मामाच्याच लेथ मशीनवर तिचं शिक्षण निघालं होतं. मामाचं नाव मरुदाचलम. जवळच्या मरुदमलै डोंगरावरच्या देवाचं नाव मरुदाचलम असल्याने त्या गावात दर चार घरांमागे एक मरुदाचलम होता. म्हणून "लेथ" मरुदाचलम, "टपाल" मरुदाचलम, डोक्यावर घागर घेऊन नाचणारा "करगाट्टम" मरुदाचलम. तिकडची रीतच अशी की टोपणनाव दोन अवतरणचिन्हांत घालून नावाच्या पुढे लावायचं. दुकानाच्या पाटीवर तसंच, लग्नाच्या पत्रिकेत तसंच, आणि माणूस गेला की भिंतीवर लागणाऱ्या फोटोखालीही तसंच.

मामाच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी बायपासची तारीख ठरली होती.

"टोकन एकतीस," स्वामींनी पुकारलं. मग बराच वेळ लॅपटॉपकडे बघून मान हलवली. "लेथ मरुदाचलम. पान नाही."

हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्या रविवारी मामा हसला होता, दुसऱ्या रविवारी गप्प बसला होता. आज तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "स्वामी, पुन्हा एकदा बघा. वर-खाली झालं असेल."

स्वामींनी डोळे उघडले. आवाज खाली आणला, म्हणजे मंडपात सगळ्यांना नीट ऐकू जाईल. "मरुदाचलम, वर-खाली माणसाचं होतं, ऋषींचं नाही. तीन कोटी पानांत तुझं पान नाही, याचा अर्थ तुझं पान जळालं. तुझा हिशेब वर बंद झालाय. आता जे दिवस जातायत ते उरलेल्या तेलावर. त्यात सुरी-कात्रीला हात लावू देऊ नकोस. नामस्मरण कर."

मामा खाली बसला. पूंगोडीने सुंडलची पुडी चुरगाळली.

घरी आल्यावर शिवगामी मामीने जेवायला वाढलं, तर मामाने ताट सरकवलं आणि दवाखान्यात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईने सोमवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत, जागा राखून ठेवते असं सांगितलं. मामी रडू लागली. मामा ओसरीवर जाऊन बसला आणि हाताच्या रेषांत घुसलेलं जुनं काळं ऑइल नखाने खरवडू लागला.

पूंगोडीने लॅपटॉप आणला. मामासमोर एक फाइल बनवली आणि तिची तारीख मामाच्या लग्नाच्या दिवसाची करून दाखवली. एका ओळीचं काम होतं. मग टोकनसाठी वेबसाइटवर आपणच नाव, आईचं नाव, नक्षत्र आणि कामधंदा भरून देतो, हेही तिने दाखवलं. आपण दिलेलंच तो आपल्याला परत वाचून दाखवतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मामाने सगळं शांतपणे ऐकलं. तो काही भाबडा माणूस नव्हता. एका केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखणारा कारागीर होता.

"बरं. तो लबाड आहे असं धरू," तो म्हणाला. "लबाड माणूस सगळ्यांना पान देईल की नाही? पान दिल्याने त्याचं काय जातं? दुकानदार आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो का कण्णू? सगळ्या गावाला पान दिलं आणि मलाच तीनदा नाही म्हणाला. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणायची गरज पडत नाही. माझ्या वेळी तो खरं बोलला, म्हणूनच तर नाही म्हणाला."

सोळा वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने पूंगोडीला असं कोड्यात पाडलं नव्हतं. मामी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुझं मशीन बंद कर आणि जेव आधी." पूंगोडी जेवली, पण भात कशाबरोबर खाल्ला हे तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने गावात चौकशी केली. पान न मिळालेले, मामा धरून, एकूण सात जण निघाले. त्यांचं वय वेगळं, जात वेगळी, नक्षत्र वेगळं. "टपाल" मरुदाचलम निवृत्त पोस्टमन होता. "सोडा" रंगनायकी बाटल्या भरायची. "कराटे" पोन्नुसामीने आयुष्यात एकदाच, तेही अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, वीट फोडली होती. पाप म्हणावं तर रंगनायकीने एक माशी मारली नव्हती, आणि पुण्य म्हणावं तर त्याच गावच्या सावकाराला पहिल्या फटक्यात पान मिळालं होतं. सातही जणांची पाचावर धारण बसली होती. पोन्नुसामीने तर मृत्युपत्र करायला घेतलं होतं.

उत्तर बुधवारी मिळालं, आणि तेही वर्गात. तिसऱ्या सत्राला सातवं प्रात्यक्षिक असतं. शंभर नावांची यादी द्यायची. एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती स्क्रिप्ट यादीतलं एकेक नाव उचलते, एका ठरीव साच्यात घालते, दर नावाची सी भाषेतली वेगळी फाइल तयार करते आणि लागलीच ती कम्पायलरला देऊन तिचा प्रोग्रॅम बनवून टाकते. माणसाने एकदा साचा लिहायचा, की मशीन शंभर जणांसाठी शंभर वेगवेगळी शुभेच्छापत्रं काढून देते. पूंगोडीने हे प्रात्यक्षिक स्वतः बसवलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

"मॅडम, नव्याण्णवच झाली," मागच्या बाकावरून सेल्वी म्हणाली. "एक बनतच नाही. माझंच."

यादीत सेल्वीने स्वतःचं नाव हौसेने "कबड्डी" सेल्वी असं घातलं होतं. पूंगोडी नेहमीसारखी सांगू लागली की सी भाषेत मजकूर दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवायचा असतो. मजकुराच्या आतच अवतरणचिन्ह आलं, तर कम्पायलरला वाटतं की मजकूर संपला. पुढचं त्याला कळत नाही, तो अडून बसतो आणि प्रोग्रॅम बनत नाही. म्हणून नाव आत घालण्याआधी…

ती अर्ध्या वाक्यात थांबली. फळ्याकडे तोंड करून ती इतका वेळ उभी राहिली, की सेल्वीला वाटलं मॅडमना चक्कर आली.

सातही जणांच्या नावाला अवतरणचिन्हं होती. पान मिळालेल्या एकाही नावाला नव्हती. स्वामी मामाला नाही म्हणालाच नव्हता. त्याचा कम्पायलर अडला होता. पान बनलं नाही एवढंच त्याला दिसलं, आणि का बनलं नाही हे शोधण्यापेक्षा माणूस शापित ठरवणं सोपं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे अंगणाला हृदयाचा आजार होता.

संध्याकाळी ती देवानैकडे गेली. बाहेर ऊन उतरलं तरी घर भट्टीसारखं तापलं होतं, देवानै घामाने निथळत होती आणि डोक्यावरचा पंखा बंद होता.

"लाइट गेली का ग?"

"नाही अक्का." देवानैने इकडेतिकडे बघितलं. "सांगायचं नसतं. पानाची शेवटची ओळ. तीन दिवस पाळतेय मी. स्वामी म्हणाले, आतला अर्थ हळूहळू उलगडेल."

बरंच आर्जव केल्यावर देवानैने पेनड्राइव्ह दिला. पूंगोडीने पान उघडलं, खाली गेली, आणि शेवटची ओळ वाचून देवानैच्या खाटेवर मटकन बसली. लिहिलं होतं, "निघताना दिवा आणि पंखा बंद करून जावे."

ते ऋषींचं वचन नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. प्रयोगशाळेतली पोरं पंखे फिरते ठेवून पळतात म्हणून सातव्या प्रात्यक्षिकाच्या साच्यात शेवटी ही ओळ तिने टाकली होती. ज्या कुणी हा साचा उचलला होता, त्याने तो वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. अख्खं गाव आठवडाभर मनाचा दिवा आणि श्वासाचा पंखा यांवर चिंतन करत होतं. पूंगोडी आधी हसली, इतकी की देवानै घाबरली. मग तिला मामाचं सरकवलेलं ताट आठवलं आणि तिचा संताप झाला. हा साचा तिच्या हातचा होता.

कॉलेजच्या कपाटात जुन्या तोंडी परीक्षांच्या वह्या होत्या. एक उत्तर तिला आठवत होतं, म्हणून नऊ वर्षांपूर्वीची एक तिने काढली. कदिरवन नावाचा विद्यार्थी. नावात अवतरणचिन्ह आलं तर काय करशील, असं तिने विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर तेव्हा गंमत म्हणून तिने जसंच्या तसं टिपून ठेवलं होतं. असं नाव असणाऱ्याचीच चूक आहे, मॅडम. पुढे तिच्याच अक्षरात गुण होते, दहापैकी चार. तिने स्वामींची दाढी आणि कपाळावरचं कुंकू मनातल्या मनात पुसून पाहिलं. खाली उरलेला चेहरा ओळखीचा होता.

तिने घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. मामीने एकच मुद्दा उचलला. "म्हणजे चिन्हं काढून नुसतं मरुदाचलम लिहिलं तर यांना पान मिळेल?"

"मिळेल."

"मग तेवढंच कर. बाकीची उठाठेव कशाला? पान मिळालं की हे हसत दवाखान्यात जातील. मला माझा नवरा हवाय, तुझा विज्ञानाचा तास नको."

मामीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच पूंगोडीला ते टोचलं. दोन चिन्हं पुसली की मामा वाचत होता. ती म्हणाली, "मामी, आज पान मिळालं म्हणून जातील. ऑपरेशननंतर पानात आलं की गोळ्या सोड, तर सोडतील. तुझ्या नवऱ्याची दोरी त्या माणसाच्या हातात राहील, फक्त या वेळी तो ती आपल्या बाजूला ओढेल. आणि रंगनायकीचं काय? पोन्नुसामीचं?" मामीने रविवारी मामाला मंडपात आणायची जबाबदारी घेतली.

रविवारी सकाळी टोकनसाठी वेबसाइट साडेनऊपर्यंत उघडी होती. पूंगोडीने सातही जणांची परवानगी आदल्या दिवशीच घेतली होती आणि आठवं नाव स्वतःचं होतं. सवा नऊला तिने एकापाठोपाठ एक आठ नावं भरली. अवतरणचिन्हांवर तो अडतो ना, मग तीच तिने त्याला खायला घातली, पण मोजून-मापून. टोपणनावाभोवतीची चिन्हं गाळली, प्रत्येक नावापुढे एक चिन्ह टाकून मजकूर बंद केला, मग सी भाषेतले दोन राखीव शब्द लिहिले, आणि शेवटी पुन्हा एक चिन्ह टाकून मजकूर उघडून दिला. आता कम्पायलर अडणार नव्हता. आणि ते राखीव शब्द असे आहेत, की प्रोग्रॅम ज्या घटकेला तयार होतो ती तारीख आणि वेळ कम्पायलर स्वतःच तिथे लिहून टाकतो. फाइलच्या वरची तारीख खुशाल पुराणकाळात नेऊन ठेवा, पोटात लिहिलेलं कुणाला दिसत नाही आणि म्हणून कुणी पुसत नाही.

मंडप त्या दिवशी जास्तच भरला होता. पहिली वीस पानं रीतीप्रमाणे झाली. मग पूंगोडीचं टोकन आलं. स्वामींनी तिच्याकडे पाहिलं, क्षणभर त्यांची नजर हलली, पण मंडप भरलेला होता. त्यांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं.

पडद्यावर आलं, नाव पूंगोडी. त्याच्या पुढे त्याच दिवसाची तारीख. पुढे वेळ, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटं अकरा सेकंद.

मंडपात चुळबुळ झाली. स्वामी सराईत होते. "बघा," ते म्हणाले, "ऋषींना हेही ठाऊक होतं की ही बाई आज येणार. तिच्या आत्म्याचं दार आज सकाळी याच घटकेला उघडलं." दोन-चार हात जोडले गेले. पूंगोडीने मान डोलावली आणि म्हणाली की स्वामी, पुढची पानंही उघडा, एकट्या माझ्याच आत्म्याचं दार उघडलेलं नसावं.

पुढचं टोकन "टपाल" मरुदाचलमचं होतं. ज्याचं पान जळालं होतं, त्याचं पान पडद्यावर आलं. नऊ बेचाळीस, पंधरा सेकंद. मग "सोडा" रंगनायकी, नऊ बेचाळीस, एकोणीस सेकंद. पोन्नुसामी, तेवीस. जळालेली पानं एकामागून एक उगवत होती आणि स्वामींच्या कपाळावरचं कुंकू घामाने खाली ओघळत होतं. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात लावला, तेव्हा मागून एक आवाज आला.

"थांबा. पुढचं टोकन माझं आहे," मामा म्हणाला.

मामा उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तो जप नव्हता, तो मोजत होता. त्याने चाळीस वर्षं लेथवर उभं राहून एकाच मापाचे हजारो नग काढले होते, आणि एका नगाला किती सेकंद लागतात हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

"अकरा, पंधरा, एकोणीस, तेवीस," तो म्हणाला. "चार-चार सेकंद. दरवेळी चारच. टपालवाल्याचं नाव लांब, रंगनायकीचं त्याहून आखूड, तरी चारच. ऋषी हाताने लिहीत असते तर एखादं पान सहा सेकंदांत झालं असतं, एखाद्याला दहा लागले असते, मधे ते पाणी प्यायले असते." त्याने पडद्याकडे बोट केलं. "हा साचा आहे. मी लॉट काढतो तसा यांनी सकाळी लॉट काढलाय. माझं सत्तावीस सेकंदांवर निघेल. उघडा."

कुणीतरी पुढे होऊन उघडलं. लेथ मरुदाचलम. नऊ बेचाळीस, सत्तावीस सेकंद.

मग मामाने, आठवडाभर जो प्रश्न त्याला आतून खात होता तो विचारला. "मग तीन रविवार माझं पान का नव्हतं?"

उत्तर पूंगोडीने दिलं, पण मामाला नाही. ती वर्गात ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "कदिरवन, सातवं प्रात्यक्षिक. नावात अवतरणचिन्ह आलं तर काय करायचं?"

आणि बीजाक्षर स्वामी, तीन कोटी पानांचे धनी, लाल मखमली खुर्चीतून ताडकन उठून हात मागे घेऊन उभे राहिले. "मॅडम, ते…" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. नऊ वर्षांत दाढी वाढली होती, पण मॅडमने नाव घेतलं की उभं राहायचं ही सवय काही गेली नव्हती. पहिल्यांदा देवानै हसली. मग हसू रांगेरांगेने मागे गेलं आणि चपलांपाशी उभ्या असलेल्या लोकांपर्यंत पोचलं.

"नऊ वर्षांपूर्वीही तुला आलं नव्हतं," पूंगोडी म्हणाली. "तेव्हा चार गुण देऊन सोडला. पानं आकाशातून उतरली म्हणतोस तेव्हा तू आठवीत असशील. तुझ्या प्रोग्रॅममध्ये खोट होती आणि तू माझ्या मामाला सांगितलंस की तुझं आयुष्य संपलं. चूक तुझी, आणि मरायचं त्याने?"

कदिरवन काहीतरी पुटपुटला. पण लोक आता त्याचं ऐकणारे नव्हते. पूंगोडीने माइक घेतला आणि आधी सगळं उघडं केलं. टोकनसाठी भरलेली नावं, साच्याची फाइल, ती तयार करणारी स्क्रिप्ट, मागे नेलेली तारीख आणि नोटपॅडमधली देवलिपी, जी कुठल्याही कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅममध्येही दिसते. तिने तिथल्या तिथे कॅल्क्युलेटर नोटपॅडमध्ये उघडून दाखवला. गळ्यात ओळखपत्र असलेले तेवढे लोक चपला शोधू लागले.

"मला प्रवचन येत नाही," ती शेवटी म्हणाली. "इथे झालं एवढंच की तुम्ही तुमचं नाव सांगितलंत आणि याने ते तुम्हाला परत सांगितलं. मशीनला काही कळत नाही. ते साच्यात घालाल ते बाहेर काढतं. कळायचं काम आपलं आहे. कुणी म्हणालं की हे जुनं आहे, तर विचारा, कशावरून. कुणी म्हणालं की तुझ्या नशिबात नाही, तर विचारा, तुला कुणी सांगितलं. शिकलेल्यालाही विचारा, मलाही विचारा. मामाने मला विचारलं म्हणून मी शोधलं, नाहीतर मीही नुसती हसून घरी गेले असते. विचारल्याने खरं काही मोडत नाही. आणि देवानै, घरी जाऊन आधी पंखा लाव."

कदिरवन मागच्या दाराने, दिवे आणि पंखे चालूच ठेवून गेला.

मामाने सोमवारी दवाखान्यात स्वतः फोन केला. गुरुवारी सकाळी भरती करायच्या काउंटरवर फॉर्म दिला गेला, तेव्हा मामीने त्याच्या कानात सांगितलं की नुसतं मरुदाचलम लिहा, उगाच कम्प्युटर अडायला नको. मामाने मान हलवली आणि नावाच्या रकान्यात, पेन दोनदा गिरवून, जाड अवतरणचिन्हांत "लेथ" आणि मग मरुदाचलम असं लिहिलं. काउंटरवरची मुलगी ते टाइप करू लागली. मामा, मामी आणि पूंगोडी तिघंही तिच्या पडद्याकडे बघत राहिली.

"घेतलं का?" मामाने विचारलं.

"घेतलं," मुलगी म्हणाली.

"चिन्हांसकट?"

"हो की. नावच आहे ना तुमचं?"

मामाने पूंगोडीकडे पाहिलं. "यांना दहापैकी किती देशील, कण्णू?"

"दहा."

"मग चला," मामा म्हणाला आणि चाकाच्या खुर्चीत जाऊन बसला.